होळी ते अक्षय्य तृतीया: मुंबईच्या तलावांवर पक्षी आणि चतुर

काठावरचा | शुक्रवार, रात्री ९.१०

डिसेंबर-जानेवारी सरला की बहुतेकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. खरे तर आपल्या तलावांवर सर्वात जास्त घडामोडी होळी ते अक्षय्य तृतीया या दीड महिन्यात होतात. पाहुणे पक्षी निघायच्या बेतात असतात आणि जाता जाता विणीचा रंग चढवतात. इथले पक्षी जोड्या जमवतात. पाणी उतरत जाते, काठाचा नवा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे-अळ्या टिपायला सगळ्यांची गर्दी होते. त्याच काठावरच्या गवतात चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) असतात, पण मान वर करून फिरणाऱ्यांना त्या दिसत नाहीत.

म्हणून हा धागा. ठिकाण, वेळ, ओळख, नोंद आणि नेहमी होणाऱ्या चुका, जे नेमके ठाऊक असेल ते लिहा.

सुरुवात वेळेपासून. मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यात साडेसहाच्या आधीच. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत पक्षी बघा. साडेआठ ते साडेदहा चतुरांची वेळ, कारण अंगात ऊन मुरल्याशिवाय त्यांचे उडायचे स्नायू नीट चालत नाहीत. त्यानंतर पाण्यावर झळा नाचू लागतात आणि चांगल्या दुर्बिणीतूनही दूरचा पक्षी लिबलिबीत दिसतो. दोष काचेचा नसतो, तापलेल्या हवेचा असतो.

दुसरी गोष्ट जागेची. तलावाला पूर्ण फेरी मारू नका. शंभर मीटरचा एकच काठ निवडा आणि दर आठवड्याला तिथेच जा. पाणी किती उतरले, तुतारी (चिखलात चरणारा पक्षी) कधी निघून गेली, कोणत्या चतुराने कोणती काडी धरली, हे एका जागी पुन्हा पुन्हा पाहिले तरच कळते.

रानवाट | शुक्रवार, रात्री १०.०२

पवईबद्दल लिहिते. आदि शंकराचार्य मार्गालगतचा काठ दक्षिणेकडचा आहे. तिथे उभे राहून वायव्येकडे पाहिले की सकाळचे ऊन पाठीवर येते आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. पूर्वेकडे तोंड केले तर वारकरी पक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि पाणकावळा तिघेही काळे ठिपके होतात. नवख्यांच्या निम्म्या चुका ओळखीच्या नसून उजेडाच्या असतात.

जलपर्णीच्या कडेला कांस्यपंखी कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी, मोकळ्या पाण्यात टिबुकली, हळदीकुंकू बदके आणि अडई. पाण्यातून डोकावणाऱ्या काठ्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. लहान आणि भारतीय पाणकावळ्यात घोळ होत असेल तर चोच बघा. लहान पाणकावळ्याची चोच आखूड आणि जाडसर, डोळा काळपट. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, बारीक, टोकाला आकडा आणि डोळा निळसर हिरवा.

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. काठावर जायला परवानगी लागते, तेव्हा रविवारी उठून थेट तिथे जायचा बेत करू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. उद्यानातल्या ओढ्यांवर एप्रिलपर्यंत डबकी टिकतात. अशा सावलीच्या डबक्याजवळ गप्प बसून राहिले तर पाणी प्यायला स्वर्गीय नर्तक, हळद्या, दयाळ असे बरेच जण येतात. आपण फिरायचे नाही, त्यांना येऊ द्यायचे.

भांडुपकर | शनिवार, सकाळी ७.२५

तलावांसोबत भांडुप पंपिंग स्टेशनची पाणथळ आणि ठाणे खाडीही धरायला हवी, कारण या दिवसांत रोहित पक्षी तिथेच असतात आणि पाऊस जवळ येईपर्यंत थांबतात. खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला.

इथे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी मैलभर पसरतात आणि काठावरून गुलाबी रेघ तेवढी दिसते. भरती चढली की तेच पक्षी खाडीच्या कडेच्या तळ्यांवर आणि तिवरांमधल्या मोकळ्या जागांवर गोळा होतात. म्हणजे बघायला जायचे ते चढत्या पाण्यात.

वेळ काढायचा जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हेच गणित, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा ढोबळ अंदाज झाला. खाडीत आत जाल तसा आणखी उशीर धरा आणि निघण्याआधी भरतीच्या तक्त्यात नक्की वेळ बघा. सकाळची सोयीची भरती हवी तर दशमी-एकादशी धरा.

काठावरचा | शनिवार, सकाळी ८.४०

तिथीचे गणित पटले, दशमी-एकादशी पटली नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. एकादशीलाही ते बेताचेच असते आणि खाडीतला बराच चिखल उघडा राहतो, मग पक्ष्यांना जागा सोडायचे कारणच उरत नाही. द्वादशी-त्रयोदशीला भरती नऊ ते पावणेदहाला येते आणि पाणी उधाणाकडे झुकलेले असते. पक्षी भरतीच्या तास-दीड तास आधीपासून आत यायला लागतात, म्हणून साडेसातला जागेवर हजर असलेले बरे. त्याहून पुढची तिथी घेतली तर पक्षी मिळतील, पण झळांमध्ये.

भांडुपकर | शनिवार, सकाळी ९.१५

मान्य. द्वादशी-त्रयोदशीच धरा. एक जोड देतो: तळ्याच्या अगदी काठाला जाऊन उभे राहू नका. भरतीच्या वेळी या पक्ष्यांना टेकायला तेवढीच जागा उरलेली असते. त्यांना उठवले की ते पाणी उतरेपर्यंत हवेतच घिरट्या घालतात आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी फुकट जाते. बांधाआडून किंवा तिवरांच्या आडोशाने बघा.

नवशिकी | शनिवार, दुपारी १.३०

दुर्बीण कोणती घ्यावी? ८×४२ की १०×४२? आणि दोन्ही डोळ्यांनी एकच चित्र स्पष्ट होत नाही, ते कसे जमवायचे?

रानवाट | शनिवार, दुपारी २.०५

तलाव आणि झाडी असेल तर ८×४२. चित्र कमी हलते, दिसण्याचा पट्टा रुंद मिळतो आणि पहाटेच्या उजेडात चित्र जास्त उजळ असते. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो, १० ने भागले तर ४.२. खाडीसाठी १० चालेल, पण तिथे खरी गरज तिवईवरच्या स्पॉटिंग स्कोपची (एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीची) असते. चतुर बघायचे असतील तर खोक्यावर जवळचे फोकस अंतर वाचा. दोन मीटरच्या आसपास हवे. चार-पाच मीटर असेल तर समोरच्या काडीवरची टाचणी धूसरच दिसणार.

आता डोळे जुळवणे. तीस-चाळीस मीटरवरची पाटी निवडा. उजव्या बाजूची भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने मधले चाक फिरवून अक्षरे स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरे स्पष्ट करा. कडीची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबलेली हवी, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात.

चतुरनेत्र | शनिवार, रात्री ८.५०

पक्ष्यांवर बरेच आले, आता चतुर-टाचण्यांकडे येतो.

चतुर बसला तरी पंख आडवे पसरलेले, डोळे मोठे आणि बहुतेकांत एकमेकांना टेकलेले. टाचणी नावाप्रमाणे बारीक, आपल्याकडच्या बहुतेक जाती पंख मिटून पाठीवर ठेवतात, डोळे डंबेलसारखे दोन टोकांना. इतके सांगून लोक थांबतात. ओळख खरी सुरू होते त्यानंतर.

मार्चमध्ये मुंबईच्या कुठल्याही तलावावर बहुधा आधी भेटतो तो डिच ज्युएल. शरीर आखूड, नर तांबूस, पंखांवर मोठा नारिंगी डाग, पाण्यालगत खालच्याच काडीवर बसतो. शास्त्रीय नाव ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. सांडपाणी मिसळलेले पाणी त्याला चालते. एखाद्या काठावर हाच एकटा शेकड्यांनी असेल आणि टाचण्या जवळजवळ नसतील, तर पाण्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण एका फेरीवरून निष्कर्ष नको. तो वर्षभर दिसतो, इतरांना हंगाम असतो.

ग्रीन मार्श हॉक हिरवट-पिवळा, काळे पट्टे, कंबर एकदम बारीक. हा दुसरे चतुरही पकडून खातो. तोंडात काहीतरी धरून गवतात बसलेला दिसला तर घाई न करता जवळ जा, खाताना तो सहसा हलत नाही. याचा आणि कॉमन क्लबटेलचा घोटाळा होतो. क्लबटेलच्या दोन डोळ्यांत स्पष्ट अंतर असते, शेपटीच्या टोकाला पानासारखी रुंदी असते आणि तो पाण्यातून वर आलेल्या काडीच्या अगदी शेंड्यावर बसतो. हाकलला तरी पुन्हा त्याच शेंड्यावर येतो. म्हणून फोटोसाठी त्याच्या मागे धावू नका. काडीवर फोकस लावा आणि थांबा.

तांबड्या नरांमध्ये दोन जाती गोंधळात टाकतात. क्रिमसन मार्श ग्लायडर गुलाबी-किरमिजी असतो आणि त्याच्या पंखांच्या शिराही लाल असतात. रडी मार्श स्किमर रक्तासारखा लाल, पोटाच्या वरच्या बाजूने बारीक काळी रेघ. माद्या दोन्हींच्या पिवळट. त्यांना नावे देण्यापेक्षा 'मादी, ओळख बाकी' असे लिहिणे चांगले.

टाचण्यांत पिवळी धमक कोरोमंडल मार्श डार्ट नवख्यालाही सापडते. गुडघ्याएवढ्या गवतात, पाण्यापासून दोन-तीन मीटर आत शोधा. पाण्याच्या कडेलाच नजर ठेवणाऱ्यांच्या हातून ती नेहमी सुटते.

फोटो तीन हवेत: वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा. शेपटीच्या टोकाला नराची पकड असते आणि बऱ्याच जाती तिथेच वेगळ्या पडतात. वरून काढलेला एकच देखणा फोटो ओळखीला पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. शटर १/२५० पेक्षा वेगवान, कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर, फ्लॅश बंद.

नवशिकी | शनिवार, रात्री ९.२०

गवताच्या काडीला चिकटलेली पोकळ, मातकट रंगाची कातडी दिसतात. ती मेलेल्या चतुरांची असतात का?

चतुरनेत्र | शनिवार, रात्री ९.४५

नाही, ती कात आहे, आणि मोलाची खूण आहे. चतुराचे पिल्लू पाण्यात वाढते. पूर्ण वाढ झाली की बहुधा रात्री किंवा पहाटे काडीवर चढते, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. उडणारा चतुर दुसऱ्या तलावावरून आलेला असू शकतो. कात मात्र सांगते की याच पाण्यात तो जगला आणि वाढला. पाण्यापासून वीत-दोन वीत उंचीवर, पाणकणसाच्या पात्यांवर आणि दगडी बांधावर शोधा. उपटू नका, फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरा. उद्यानाच्या हद्दीत तर काहीही उचलायचे नाही.

पहाटे पंख चकाकणारा, फिकट रंगाचा, दुबळा उडणारा चतुर दिसला तर तो नुकताच बाहेर पडलेला आहे. बोट लावले तरी पंख कायमचे वाकतात.

काठालगत गाड्या उभ्या असतात तिथे आणखी एक गोष्ट दिसते. चतुराची मादी गाडीच्या चकचकीत टपावर शेपटी आपटताना दिसते. पाण्यावरून परतणारा प्रकाश ज्या प्रकारचा असतो तसाच तो टपावरूनही येतो, म्हणून ती फसते आणि अंडी उन्हात वाळून जातात. गाडी काठापासून लांब, सावलीत लावली तर एवढे तरी टळेल.

तुतारी | रविवार, सकाळी ११.१०

उघड्या चिखलावर तीन तुताऱ्या एकत्र दिसतात आणि नोंदीत सगळ्या 'सामान्य' म्हणून जातात. फरक असा.

सामान्य तुतारी: खांद्याजवळ छातीचा पांढरा रंग पंखासमोर पाचरीसारखा वर घुसलेला. मागचा भाग सतत वरखाली. उडताना पाण्यालगत, पंख ताठ, थरथरत.

हिरवी तुतारी: वरून गडद, जवळजवळ काळपट. उडाली की पंखाखालून काळी आणि कमरेवर पांढराशुभ्र ठिपका. बहुधा एकटी, गटाराच्या तोंडाशी किंवा ओढ्यात.

ठिपकेवाली तुतारी: पाठीवर स्पष्ट ठिपके आणि डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली पांढरी भुवई. पंखाखालून फिकट. उडताना 'चिफ-इफ-इफ'.

पक्षी उडेपर्यंत धीर धरा, पण उडवू नका. तो आपणहून उडतोच.

याच दिवसांत रंग बदलतात, त्यामुळे हिवाळ्यातली चित्रे पाहून केलेली ओळख चुकते. कुरवांची (सीगल) डोकी हिवाळ्यात पांढरी असतात, मार्चमध्ये तपकिरी होतात. काळ्या डोक्याचा कुरवही तेव्हा गडद चॉकलेटी दिसतो, म्हणून डोक्याच्या रंगावर जाऊ नका. पंखाची टोके बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. एप्रिलकडे बाकचोच तुतारी विटकरी होते, कल्लेवाल्या सुरयाचे पोट काळपट होते, गायबगळा डोक्यापासून छातीपर्यंत केशरी होतो आणि वंचक बगळ्याच्या पाठीवर तपकिरी-किरमिजी रंग चढतो. एकाच थव्यात अर्धे बदललेले आणि अर्धे न बदललेले असतात, तेव्हा त्या दोन जाती समजू नका.

रानवाट | रविवार, दुपारी १२.३५

जलपर्णीबद्दल दरवर्षी दोन टोके ऐकू येतात: सगळी काढा किंवा कमळपक्ष्यांसाठी सगळी ठेवा. दोन्ही चूक आहेत. दाट, सलग गालिचा झाला की उजेड खाली जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि चतुरांची पिल्ले, मासे दोन्ही गुदमरतात. उलट काठालगत दोन-तीन मीटरचा तुटक पट्टा असेल तर त्यावर कमळपक्षी चालतात आणि टाचण्या त्याच्या देठात अंडी घालतात. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी मुख्यतः पावसाळ्यात वीण करतात. म्हणून यंत्राने सफाई करायची तर फेब्रुवारी ते एप्रिल, मधून मधून पट्टे सोडून. जून-जुलैत यंत्र फिरले तर घरटी त्याबरोबर जातात. पालिकेला पत्र लिहिताना 'जलपर्णी काढा' एवढेच न लिहिता महिना आणि सोडायचा पट्टा दोन्ही लिहा. माझ्या मते या धाग्यातून एक काम करायचेच असेल तर ते हे.

तुतारी | रविवार, दुपारी १.००

+१. सोबत आकडे जोडले तर पत्राला वजन येईल. त्यासाठी मोजणी एकाच पद्धतीची हवी.

पक्षी: ई-बर्डवर (पक्षीनोंदींचे संकेतस्थळ) एका जागी उभे राहून वीस मिनिटे, दिसलेली प्रत्येक जात, कावळा-कबुतरासकट. 'खूप' किंवा नुसती फुली नको, संख्या लिहा. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढी जागा नजरेत ठेवा, तशा दहा जागांचे शंभर, आणि शंभराचे तुकडे थव्यावर मांडत जा. गर्दीत मागचे पक्षी पुढच्यांआड जातात आणि आकडा नेहमी कमी येतो, म्हणून दोघांनी वेगवेगळे मोजून दोन्ही आकडे लिहावेत. सरासरी काढून फरक लपवू नका.

फुलपाखरे आणि चतुर: तोच शंभर मीटर काठ, सावकाश चाल, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीतलेच मोजायचे. मागे वळून मोजायचे नाही. ऊन असताना आणि वारा कमी असताना. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. घरट्याचा फोटो असेल तर ठिकाण झाकून ठेवायची सोय तिथे आहे, ती वापरा.

चतुरनेत्र | रविवार, दुपारी १.२०

फुलपाखरांसाठी काठावरची रुई सोडू नका. बिबळ्या कडव्याच्या अळ्या तिच्यावर वाढतात. पानांच्या खालच्या बाजूला काळे-पिवळे-पांढरे पट्टे शोधा. हळदीकुंकू फुलपाखरू दिसले तर जवळच्या झाडावर बांडगूळ असेल, तेच त्याच्या अळीचे खाद्य.

भांडुपकर | रविवार, संध्याकाळी ६.४५

सावधगिरीचे चार मुद्दे, कारण यांत चूक परवडत नाही.

पवईत मगरी आहेत. मार्च-एप्रिल हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ आणि मादी घरट्याजवळ असते. चिखलाच्या उतारावर पाण्याशी वाकून फोटो काढू नका.

आग्या मोहोळ उंच झाडांवर, टाक्यांखाली आणि पुलांखाली असते. अत्तर लावून जाऊ नका, खाली धूर करू नका, ड्रोन उडवू नका. माशा उठल्याच तर हात न झटकता सरळ गाडीत किंवा खोलीत जा आणि दार लावा. पाण्यात उडी मारायची नाही, पवईत तर मुळीच नाही. काटा नखाने खरवडून लगेच काढा. अंगभर चावल्या असतील किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय.

आरे आणि उद्यानाच्या कडेला सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा, बिबट्या आहे. लहान मुलांना पुढे पळू देऊ नका.

झाडाच्या पानांचे शिवलेले गोळे म्हणजे तांबड्या मुंग्यांची घरटी, कोकणातले हुमले. त्याखाली तिवई मांडू नका.

नवशिकी | रविवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. द्वादशीला भांडुप आणि पुढच्या रविवारी पवई असे ठरवले आहे. एक प्रश्न राहिला. पाणी उतरलेल्या कोरड्या पट्ट्यावर टिटवी डोक्यावर ओरडत फिरते. तिथून पुढे गेले तर चालते का?

काठावरचा | रविवार, रात्री ८.५०

पुढे नाही, आल्या वाटेने मागे. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, मातीच्या रंगाची. पायाखाली आली तरी दिसत नाहीत. मागे फिरताना आपल्याच पाऊलखुणांवर पाय ठेवा, कारण तेवढीच जागा रिकामी असल्याची खात्री असते.

तिथे थांबून फोटो काढायचाही मोह नको. एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. दहा वाजता तिला पंधरा मिनिटे दूर ठेवले तर उघडी अंडी तापून जाऊ शकतात. खूण म्हणून काठी किंवा दगडही ठेवू नका, कावळे आणि कुत्री अशा खुणा लगेच ओळखतात. वहीत 'टिटवी, घरटे असावे' आणि तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात त्या बाजूला वळायच्या आधी लांबून दुर्बिणीने बघा. ती खाली बसलेली दिसली तर त्या दिवशी मोजणीची सुरुवात काठाच्या दुसऱ्या टोकापासून करा.